पिछाडीची कुंडी

शेक-वान बंदर
बादशहाच्या राज्याचे चौदावे वर्ष, दुसरा महिना

ख्यूंग,

आशीर्वाद मागाहून. आधी विचारते त्याचं उत्तर दे. लुक म्हातारा मीठ घेऊन आला होता. तो म्हणाला, तुझ्या आ-बोने डोळ्यांदेखत माणूस मरताना पाहिला आणि नंतर कितीतरी दिवस तो कुणाशी बोललाच नाही. खरं आहे का हे? सात वर्षांचं पोर रे ते! कुणाच्या घरी सात वर्षांच्या पोराला असलं काही बघावं लागतं?

तू म्हणशील, ही कोण विचारणारी, होडी टाकून किनाऱ्यावर पळून गेलेली. हो, गेले पळून. सुक्या मासळीच्या पेढीवाल्या चानची बायको झाले आणि वीस वर्षं त्याच्या आईची बोलणी खाते आहे. इथे सगळ्यांना वाटतं, मी नदीच्या वरच्या अंगाच्या कुणा शेतकऱ्याची पोर, मागे नात्यातलं कुणी उरलेलं नाही. किनाऱ्यावरच्यांनी होडीवरच्यांशी लग्न करायला बंदी आहे; चानची बायको होडीवर जन्मली हे कचेरीत कळलं तर हे लग्नच मोडीत निघेल. म्हणून या चिठ्ठ्या लुकखेरीज कुणाच्या हाती देत नाही.

आता मुद्द्याचं. मला मूल नाही, आणि आता होणारही नाही. चान दुसरी बायको आणायच्या गोष्टी करतो. पण दत्तक मुलगा मिळाला तर तो थांबेल. दलालाकडून घेतला म्हणून सांगितलं की कुणी खोदून विचारत नाही, गरिबाघरची मुलं इथे अशीच येतात. आ-बोला मला दे. चान हे आडनाव मिळेल, शाळेत जाईल, सरकारी परीक्षेला बसेल. आपल्या लोकांना तिथे उभंही करत नाहीत, हे तुला सांगायला नको. त्याची आई असती तर तिने कधीच पाठवला असता. ती बिचारी तापाने गेली, आणि तेव्हापासून तू या लेकरांना तोफांच्या दारूत वाढवतो आहेस.

तुझी ताई


लांताव बेटाजवळ, गलबतावरून
तिसरा महिना

ताई,

हे लाउ मास्तर लिहितो आहे, शब्द माझे. मास्तरला आम्ही खंडणीसाठी धरला होता. घरच्यांनी सोडवलाच नाही, सुटलो म्हणाले असतील. आता तो पोरांना अक्षरं शिकवतो आणि माझ्या खलाशाने केलेल्या भाताला नावं ठेवतो.

आ-बोने माणूस मरताना पाहिला, खरं आहे. तो माणूस कुऱ्हाड घेऊन माझ्या अंगावर आला होता. मी काय करायचं होतं? आधी पोराचे डोळे झाकायचे आणि मग मरायचं?

माझी पोरं उपाशी झोपत नाहीत. कुणाची भांडी घासत नाहीत, कुणी ‘ए पाण्यातल्या’ म्हणून हाक मारत नाही. आ-बो पोहायला शिकेपर्यंत पाठीला भोपळा बांधून गलबतभर हिंडला, जसे तू नि मी हिंडलो. आणि माझी लिन! पंधरावं लागलंय तिला. नुसता पाण्याचा रंग बघून खाली वाळू किती वर आली आहे ते सांगते. मागच्या वादळात सुकाणू मी तिच्या हाती दिलं, आणि माझे मिशीवाले खलाशी तिच्या तोंडाकडे बघत उभे होते. शंभर माणसं त्या दिवशी तिच्यामुळे जिवंत राहिली. तुमच्या बंदरात दाखव अशी एक मुलगी.

चाच्या म्हणतात मला. म्हणू देत. ज्या किनाऱ्याने आपल्या बापाला पुरायला हातभर जमीन दिली नाही, आईला पायात जोडे घालून बाजारात फिरू दिलं नाही, त्याच्या ओटीत मी माझा मुलगा घालू? वेडी झालीस का?

आणि ताई, मला दोन पोरं आहेत. तुझ्या चिठ्ठीत लिनचं नावसुद्धा नाही. चिठ्ठी तिनेच मला वाचून दाखवली. संपली तशी घडी घालून माझ्या हातात दिली आणि दोर वळायला गेली. मला फार लागलं ते.

ख्यूंग


शेक-वान
सहावा महिना

ख्यूंग,

चूक झाली. लिनवर माझी माया नाही असं नाही रे. तिचं नाव लिहायला हवं होतं, तिला सांग. पण आता रुसण्याची वेळ नाही. नीट ऐक.

बंदरात सरकारी गलबतं जमली आहेत. परदेशी गोऱ्यांची जहाजं भाड्याने घेतली आहेत, त्यांच्या तोफा इतक्या लांब की इथली पोरं त्यांवर घोडा घोडा खेळतात. चान कचेरीत मासळी पोचवतो, त्याने ऐकलं की सगळ्या ताफ्याला खाडीत कोंडून जाळायचं ठरलं आहे. बायका-पोरांसकट. तू तुझी हौस भागव, मर हवं तर. पण लेकराला वाचव. माझ्या दारात दोन वेळचा भात आहे, डोक्यावर कौलं आहेत, आणि मी अजून जिवंत आहे.

ही चिठ्ठी लुक मिठाच्या बाजारात तुमच्या माणसाकडे देईल, लेकराला न्यायला मग तो स्वतः येईल. तुमच्या ताफ्यात सगळी गलबतं सारखीच काळी, आणि त्याला आता धड दिसत नाही. म्हणून पिछाडीला एक फुलांची कुंडी ठेव, लांबून उठून दिसेल अशी. ती दिसली की तो जवळ येईल आणि लेकराला घेऊन परत फिरेल. नदीवर होड्या तपासतात, म्हणून नाव लिहीत नाही, लुकलाही नुसतं ‘लेकराला आण’ एवढंच सांगितलं आहे. काय ते तुला कळेलच.

माझ्या गळ्याची शपथ आहे. नाही म्हणू नकोस.

ताई


गलबतावरून
सातवा महिना

ताई,

तुझी चिठ्ठी ऐकली आणि मी तिथेच दोरांच्या ढिगावर बसलो. मास्तर म्हणतो, तांडेल रडतो आहे असं लिहू का. लिही म्हटलं.

फुलांची कुंडी! मला वाटलं होतं, जमिनीवर जाऊन तू आपलं सगळं पुसून टाकलंस. लग्नाचा मुलगा असेल त्या होडीच्या पिछाडीला गवताची कुंडी, लग्नाची मुलगी असेल तर फुलांची. आईने तुझ्यासाठी शेवंती लावली होती आठवतं? रोज गोडं पाणी घालायची, आम्हाला प्यायला कमी पडलं तरी. तू पळून गेलीस त्यानंतरही ती कितीतरी दिवस पाणी घालत होती. आणि आता तू माझ्या लिनसाठी कुंडी ठेवायला सांगतेस. चोरून, एका शब्दात, नाव न घेता. शाबास ताई. मी तुला काय काय बोललो, ते सगळं परत घेतो.

खरं सांगतो, लिनचीच मला जास्त धास्ती होती. ताफ्यातला एक टकलू सरदार तिला मागतो आहे. तिसरी बायको म्हणून. नाही म्हणून किती दिवस टाळणार? लढाईत आमचं काही झालं तर तिला कोण सोडेल? आ-बो माझ्याजवळ राहू दे, तो मुलगा आहे, जिथे बाप तिथे तो.

लिन जायला तयार नव्हती. ‘आत्याला मी नको आहे,’ म्हणत राहिली. मी कुंडी दाखवली. ‘अगं बघ, तिने फुलंच मागितली आहेत.’ तेव्हा तिने गाठोडं बांधायला घेतलं. लुक म्हातारा आला, त्यानेही कुंडी बघितली आणि काही न विचारता तिचं गाठोडं उचललं. आ-बो तिच्या पायाला मिठी मारून बसला होता, त्याला ओढून काढावा लागला.

चांगलं स्थळ बघ. मासळीवाला नको, वास येतो. हे पत्र तिच्याच हाती देतो आहे.

तुझा ख्यूंग


शेक-वान
आठवा महिना

ख्यूंग,

मी मुलगा मागितला होता!

कुठली कुंडी आणि कुठलं गवत? लांबून दिसावी म्हणून फुलं म्हटलं. वीस वर्षं मी मुद्दाम एकेक गोष्ट विसरत आले, रात्री झोपेतसुद्धा आपली बोली तोंडातून निघू नये म्हणून ओठ आवळून झोपले. त्यात तुझी कुंडी कुठे लक्षात राहणार? तुम्ही लोक अजून कुंड्या ठेवता?

पेढीच्या मागच्या दाराशी लुकच्या होडीतून आ-बो उतरेल म्हणून मी नवा अंगरखा शिवून उभी. आणि उतरली कोण, तर ही लांब टांगांची, उन्हाने करपलेली पोर. तळहात दोराने घासून घासून चामड्यासारखे झालेले. पायऱ्यांवर उकिडवी बसली. सासूबाई समोरच होत्या. मला काहीतरी सांगणं भागच होतं. मला तर नात्यातलं कुणी नाही ना! मग ही कोण?

असो. आली आहे, तर परत पाठवत नाही. खाडीची तोंडं बंद झाली आहेत, चिठ्ठी लपवून पोचेल, पोर पाठवायची म्हटलं तरी वाट नाही. सासूबाईंच्या हाताखाली आहे. घराचं वळण शिकते, कमी बोलते. पोटभर जेवते. काळजी करू नकोस.

आ-बोचं काय ते अजूनही बघ. चानने दुसऱ्या बायकोसाठी पत्रिका मागवली आहे.

ताई


गलबतावरून
पंधरावे वर्ष, तिसरा महिना

ताई,

आठ महिने पत्र नाही, मेलो समजली असशील. थोडक्यात वाचलो. माझी निम्मी माणसं खाडीत राहिली. मास्तरही गेला. पाणी प्यायला वाकला आणि तोफेचा गोळा आला. हे पत्र त्याने अक्षरं शिकवलेल्या आमच्यातल्याच एका पोराकडून लिहून घेतो आहे, चुका पोटात घाल.

सरकारने माफीचा जाहीरनामा काढला. जो तांडेल गलबतासकट शरण येईल त्याला जीवदान, आणि कामाचा असेल त्याला हुद्दा. मी गेलो. बारीक पावसात गुडघे टेकून बसलो होतो, आ-बो शेजारी. माझी गलबतं मोजून घेतली, माणसामाणसाला डुकराचं मटण आणि दारू दिली. मला हवालदार केलं, ताई. डोक्यावर बिल्ल्याची टोपी आहे. पाण्यातल्या माणसाला हुद्दा देता येत नाही म्हणून कागदावर मला कुठल्याशा गावचा शेतकरी केलं आहे. तू केलंस तेच, फक्त माझं सरकारी शिक्क्याने झालं. काम एकच: जे शरण आले नाहीत त्यांना धरून द्यायचं.

तू म्हणशील, कुठे गेली तुझी ऐट. लिनसाठी केलं हे. तिला सगळ्यांसमोर हाताला धरून घरी आणायचं आहे. तू लिहिलंस तेव्हापासून तीच गोष्ट मनात धरून होतो, की पोर घराचं वळण शिकते आहे, शिवणटिपण, पानं मांडणं. आता हवालदाराची मुलगी म्हणून तिला कुठलंही घर मिळेल. कधी येऊ ते सांग.

ख्यूंग


शेक-वान
चौथा महिना

ख्यूंग,

हुद्द्याची बातमी चानच्या कानावर आलीच होती. नवा हवालदार बंदरावर नेमला आहे, त्याला जेवायला बोलवायचं, पेढीच्या कामाला ओळख बरी, असं तोच म्हणाला. मी म्हटलं, बोलवा. मामलेदारसाहेबही येणार आहेत. आ-बोलाही आण, मला एकदा डोळे भरून बघायचा आहे.

पण ऐक. तू माझा कुणी नाहीस. तुला मी पहिल्यांदाच बघते आहे. लिनचं नाव जेवताना काढायचं नाही. तिला मी नंतर, कुणाचं लक्ष नसताना, तुझ्याकडे पोचती करीन. तिच्यासाठी दलालाला पैसे मोजले असं मी सासूबाईंना सांगून ठेवलं आहे, त्यातून तिला सोडवायला जरा वेळ लागेल. मामलेदारांसमोर एक शब्द चुकला तर मी रस्त्यावर, आणि तुझी टोपी गटारात. शेतकऱ्याला होडीवरची मुलगी कशी, असं पहिलं विचारतील.

एवढं सांभाळ. एका संध्याकाळचा प्रश्न आहे.

ताई


बंदर चौकी
चौथा महिना, जेवणानंतर

ताई,

जेवण चांगलं झालं. चानशेठना माझा नमस्कार सांग. मामलेदारसाहेबांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

तू कळवलं होतंस त्यातलं काहीच बिघडू दिलं नाही. तुला हवं होतं तेच झालं ना?

आ-बोला ताप आहे. भिंतीकडे तोंड करून पडला आहे, खात नाही. लिनला लवकर पाठव. तिला म्हणावं, बाबाने बोलावलं आहे. तिला म्हणावं, तिथे दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. तू नीट समजावून सांग, तुला जमेल. मला तिला काय लिहावं सुचत नाही.

ख्यूंग


लुक आजोबांच्या होडीतून
पाचवा महिना

बाबा,

आत्याने मला समजावलं नाही. तिने तुझी चिठ्ठी चुलीत घातली. घालण्याआधी मी वाचली. मास्तरांनी शिकवलेलं हे एवढं माझ्याजवळ राहिलं आहे, ते आता तुला लिहिण्यासाठी वापरते.

आत्याच्या घरी मी पहिल्या दिवसापासून मोलकरीण होते. तिने घरात सांगितलं, दलालाकडून पोरगी घेतली, घरकामाला. आ-बो आला असता तर तो दत्तक मुलगा झाला असता, मी आले म्हणून मोलकरीण झाले. घराचं वळण म्हणजे पहाटे पाणी भरायचं, म्हातारीचं तस्त धुवायचं, आणि ती झोपेपर्यंत तिचे पाय चेपायचे. हे सगळं मी केलं. मला वाटायचं, लढाई संपली की बाबा येईल, दारातूनच ओरडेल, ‘कुठे आहे माझी लिन?’ तुझा आवाज केवढा मोठा आहे! दोन गलबतं पलीकडे ऐकू जायचा. मी रोज कामं करताना तो ऐकायची.

तू आलास. आत्याने मला स्वयंपाकघरातच बसायला सांगितलं होतं, पण चहा देणारी बाई पोळली, म्हणून म्हातारीने किटली माझ्या हातात दिली. मी आत आले तेव्हा तू मासा खात होतास. वरची बाजू संपली होती, आणि तू काड्यांनी मासा उलटलास. आपल्याकडे मासा उलटत नाहीत, उलटला तर कुणाची तरी होडी उलटते. मला एकदा तेवढ्यासाठी तू जेवणावरून उठवलं होतंस. मामलेदारांसमोर तू तो अगदी सहज उलटलास, लहानपणापासून तसाच खात आल्यासारखा.

मग तू वर बघितलंस. बाबा, तू मला ओळखलंस. हे नाकारू नकोस. तू मासा तसाच टाकून काड्या खाली ठेवल्यास.

मी थांबले होते. काही बोलणार नव्हते, तू बोलशील म्हणून थांबले होते. पण आ-बो बोलला. तो पाटावरून उडी मारून ‘ताई! ताई!’ ओरडत आला आणि माझ्या कमरेला मिठी मारली. किटली सांडली. सगळे बघत राहिले. मामलेदारांनी विचारलं, ‘हे काय, हवालदार?’

आणि तू म्हणालास, ‘माफ करा साहेब. याची बहीण समुद्रात बुडाली. तेव्हापासून कुणीही मुलगी दिसली की हा तिला ताई म्हणतो.’

आ-बो म्हणाला, ‘बाबा, ही लिनताईच आहे.’ तेव्हा तू त्याला मारलंस. माझ्यासमोर, तोंडावर. खंडणीसाठी धरलेल्या माणसांनाही तू कधी तोंडावर मारत नव्हतास. मामलेदार च्‌ च्‌ म्हणाले, फार वाईट झालं म्हणाले. चानशेठनी मान हलवली. आत्याने बाहीने डोळे टिपले. माझ्यासाठी एवढी माणसं एकत्र बसून हळहळली, आणि मी त्यांच्या पायांशी चहा पुसत होते. निघताना तू माझ्या हातात बक्षीस ठेवलंस. नाणं गरम होतं. बराच वेळ मुठीत धरून बसला असशील.

मी समजू शकते. आत्या रस्त्यावर आली असती, तुझी टोपी गेली असती, कदाचित डोकंही. पण तू मला ज्या गलबतावर वाढवलंस तिथे तू एकदा मागे राहिलेल्या एका स्वयंपाक्याच्या पोरासाठी तीन सरकारी गलबतांमधून परत फिरला होतास. तेव्हा कुणी तुला विचारलं नाही की दुसरं काय करता येईल. मला वाटत होतं, बाप म्हणजे तेवढंच असतं. ते तू मला शिकवायला नको होतंस. साधी मोलकरणीची पोर म्हणून वाढले असते तर त्या दिवशी एवढं लागलं नसतं.

लुक आजोबा मला घेऊन निघाले आहेत. पश्चिमेकडे काही गलबतं शरण गेलेली नाहीत. त्यातला एक तांडेल तुझ्याबरोबर होता, त्याने मला वादळात सुकाणू धरताना पाहिलं आहे. तो घेतो म्हणाला. टकलू सरदार नव्हे, घाबरू नकोस. बायको म्हणून नाही, सुकाणूवर. आत्या म्हातारीला सांगेल, पोरगी पळाली. तुला काही सांगायची गरज नाही, तू सगळ्यांना आधीच सांगून टाकलं आहेस.

आता तुझं काम आम्हाला धरायचं. मामलेदार म्हणत होते, तुझ्याइतकं हे पाणी कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक असलेलं सगळं पाणी तूच दाखवलेलं आहे, म्हणजे तू मला गाठशील. लवकर नाही, पण गाठशील. मी सुकाणू सोडून पळणार नाही. तू ये.

फक्त आ-बोला घरी ठेवून ये. तो मला पुन्हा ओळखेल, आणि तुला त्याला पुन्हा मारावं लागेल.

लिन